मधुमेही पायाची जखम भरल्यावर पुन्हा चालायला लागताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळपायाची जखम भरली की घरात सगळ्यांनाच हायसे वाटते, आणि नेमका याच वेळी निष्काळजीपणा शिरतो. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के जखमा पहिल्या वर्षातच पुन्हा होतात. तीन वर्षांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या जवळ जाते. जखम ज्यांमुळे झाली, ती पायातली बधिरता, हाडांचा बदललेला आकार आणि एकाच जागी पडणारा दाब, ही कारणे जखम भरल्यावरही तशीच राहतात. म्हणून चालणे सुरू करायचे ते मोजून, बघून आणि योग्य पादत्राण घालूनच.

जखम खरोखर भरली आहे, हे कसे ओळखायचे?

वर कातडी आलेली दिसते, खपली पडली, एवढ्यावर ठरवू नका. पूर्ण जागेवर कातडी हवी, कुठूनही ओल किंवा स्राव यायला नको, मलमपट्टीची गरज उरलेली नसावी आणि ही स्थिती किमान दोन आठवडे टिकलेली असावी. जाड घट्ट्याखाली उघडी जखम लपून राहू शकते. तिथला घट्टा तज्ज्ञाने तासून काढल्याशिवाय खाली काय आहे ते कळत नाही. म्हणून "भरली" हा निर्णय जखम पाहणाऱ्या डॉक्टरांनी किंवा पायांच्या तज्ज्ञाने घ्यावा.

भरली, तर मग लगेच पहिल्यासारखे का चालायचे नाही?

कारण नवी कातडी अजून कच्ची असते. जखमेच्या जागी बनलेल्या तंतूंना तीन आठवड्यांच्या सुमारास मूळ कातडीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच ताकद असते. तीन महिन्यांत ती वाढत ८० टक्क्यांच्या आसपास जाते आणि तिथेच थांबते. पूर्ण १०० टक्के ती कधीच होत नाही. शिवाय व्रणाखालची चरबीची गादी पातळ झालेली असते आणि व्रण खालच्या थरांना चिकटलेला असतो, त्यामुळे चालताना तो सरकत नाही, ओढला जातो. पहिले तीन महिने सर्वांत धोक्याचे मानावेत.

प्लास्टर किंवा वॉकर बूट काढायला सांगितलाय, पण नवे पादत्राण अजून तयार नाही. तोवर काय घालू?

तोवर वॉकर (म्हणजे पायाचा दाब कमी करणारा हा उंच बूट) काढू नका. पुन्हा होणाऱ्या जखमांमागे हे एक मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. दाब कमी करणारे साधन निघते, कायमचे पादत्राण यायला काही आठवडे लागतात आणि मधल्या काळात माणूस घरातल्या जुन्या चपलेवर फिरतो, अनेकदा ज्या चपलेने जखम झाली तीच. पादत्राणाचे माप जखम भरत आलेली असतानाच द्यायला हवे. पाय सुजलेला असेल तर माप चुकेल, हे खरे. अशा वेळी अंतिम माप नंतर घेतात, पण तोवर वॉकर चालू राहतो. प्लास्टर कायमचे काढायच्या दिवशी "आता पायात काय घालायचे?" हा प्रश्न विचारल्याशिवाय दवाखान्यातून बाहेर पडू नका.

वॉकरमधून नव्या पादत्राणात कसे जायचे?

एका दिवसात नाही. रक्तपुरवठा चांगला आहे आणि जखम दोन आठवडे बंद आहे, असे धरून एक सर्वसाधारण क्रम असा: पहिल्या दिवशी नवे पादत्राण घरातच एक तास, उरलेला वेळ वॉकर. तास झाला की काढून पाय पाहायचा. काही खूण नसेल तर रोज एक तास वाढवायचा. साधारण एक-दोन आठवड्यांत दिवसभर पादत्राणात राहता येते. लाली दिसली की आदल्या दिवसाच्या वेळेवर परत यायचे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा क्रम सांगितला असेल तर तोच पाळा, कारण शार्को पाय (हाडे आतून मऊ होऊन पायाची कमान कोसळण्याचा आजार), रक्तवाहिन्यांचा आजार किंवा हाडातला जंतुसंसर्ग असलेल्यांचे वेळापत्रक वेगळे असते.

रोज किती चालायचे?

सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, पण वाढ कशी करायची याची पद्धत आहे.

आधी तीन दिवस फक्त मोजा. फोन खिशात किंवा पावले मोजणारे घड्याळ हाताला ठेवा. स्वयंपाकघर, न्हाणीघर, दार उघडायला जाणे, सगळी पावले धरा. समजा सरासरी १,५०० आली. त्या आठवड्यात तेवढेच. पुढच्या आठवड्यात सुमारे १० टक्के वाढ, म्हणजे १,६५०. त्यापुढे १,८०० च्या आसपास. ही वाढ फारच हळू वाटते, पण या गतीने आठ आठवड्यांत तुमची पावले दुप्पट होतात. ज्या आठवड्यात कातडीवर काही दिसले, त्या आठवड्यात वाढ नाही.

पावले दिवसभर विखरून टाका. सलग २० मिनिटांपेक्षा पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्या बऱ्या, कारण मधल्या विश्रांतीत दाबलेल्या कातडीत रक्त परत येते. सावकाश चालताना पाच मिनिटांत ४०० ते ५०० पावले होतात आणि त्यातली निम्मी जखमेच्या पायावर पडतात.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. जास्त चालणाऱ्यांनाच जखमा होतात असे नाही. पावले मोजून केलेल्या अभ्यासात उलट चित्र दिसले: ज्यांना जखमा झाल्या ते एकूण कमीच चालत होते, पण त्यांच्या चालण्यात दिवसादिवसांत मोठा चढउतार होता. आठवडाभर बसून राहायचे आणि एका समारंभात किंवा प्रवासात दिवसभर उभे राहायचे, ही सवय घातक. तसा दिवस पुढे असेल तर आधीच बसण्याच्या जागा, वाहन, वाटल्यास चाकाची खुर्ची ठरवून ठेवा.

नुसते उभे राहिले तर चालते ना?

उभे राहणेही हिशेबात धरा. उभे असताना दाब सुटतच नाही, त्यामुळे त्या जागचे रक्ताभिसरण अडून राहते. भाजी चिरणे, इस्त्री, दाढी ही कामे उंच स्टुलावर बसून करा.

पाय दुखत नाही, म्हणजे सगळे ठीक आहे असे समजू का?

नाही. बधिर पायात दुखणे हा इशारा उरलेलाच नसतो. तज्ज्ञ १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून तपासतात. तो कळत नसेल तर खडा, खिळा, बुटातली घडी यांपैकी काहीच वेळेत कळणार नाही. त्या इशाऱ्याची जागा डोळ्यांनी आणि थर्मामीटरने घ्यायची आहे.

पाय कधी आणि कसा तपासायचा?

सकाळी पादत्राण घालण्यापूर्वी, प्रत्येक फेरीनंतर आणि रात्री झोपताना. सुरुवातीचे तीन महिने एवढे हवेच. भरपूर उजेडात बसा. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा फोनने फोटो काढा. फोटो रोज त्याच कोनातून, त्याच उजेडात घेतला की कालच्याशी तुलना करता येते. नजर अधू असेल तर हे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावे. मधुमेहाने डोळ्याचा पडदाही बिघडलेला असू शकतो आणि मग स्वतः पाहिल्याचे समाधान फसवे ठरते.

जुन्या जखमेची जागा, बोटांच्या बेचक्या, बोटांची टोके, टाचेच्या कडा, नखांचे कोपरे हे सगळे पाहा. लाली, पाण्याचा फोड, भेग, ओल, घट्ट्यात काळसर किंवा जांभळट ठिपका यांपैकी काही आहे का ते बघा. घट्ट्यातला तो काळा ठिपका म्हणजे आत रक्त साकळले आहे. जखम तयार होते आहे, असे समजून एक-दोन दिवसांत दाखवा. मोजेही उलटून पाहा. पांढरे किंवा फिकट मोजे वापरायला सांगतात ते याचसाठी: रक्ताचा किंवा स्रावाचा डाग लगेच दिसतो.

लाली दिसली तर किती वेळ वाट पाहायची?

पादत्राण काढून पाय वर घेऊन बसा. दाबाची साधी लाली २० ते ३० मिनिटांत जाते. त्यानंतरही राहिली तर तिथे दाब जास्त पडतो आहे. त्या दिवशीचे चालणे बंद, ते पादत्राण बाजूला, आणि दुसऱ्या दिवशीही लाली असेल तर डॉक्टरांना फोन. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे जागा जास्त गडद, चकचकीत, गरम किंवा टणक लागते का, ते पाहा.

तापमान मोजण्याचा काय उपयोग?

कातडी फाटण्याच्या काही दिवस आधी तिथे आतून दाह सुरू होतो आणि ती जागा गरम होते. डोळ्यांना काही दिसण्याआधी थर्मामीटरला कळते.

कातडीच्या पृष्ठभागाचे तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. कपाळावरून ताप मोजण्याचे यंत्र असेल तर त्यात पृष्ठभागाचे तापमान मोजण्याची सोय आहे का पाहा. तापाच्या मोडवर ते आकडा शरीराच्या तापमानात बदलून दाखवते आणि पाय थंड असल्याने बऱ्याचदा आकडाच देत नाही. सकाळी, अंघोळीपूर्वी, पाय १० ते १५ मिनिटे उघडे ठेवून मोजा. दोन्ही पायांवर त्याच जागा: अंगठा, अंगठ्यामागचा चवडा, मधल्या बोटामागचा चवडा, करंगळीमागचा चवडा, तळव्याचा मध्य आणि टाच. शिवाय जुन्या जखमेची जागा. आकडे वहीत लिहा.

दोन्ही पायांच्या एकाच जागेत २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस आला, तर चालणे अगदी गरजेपुरते करा आणि डॉक्टरांना कळवा. फरक पुन्हा कमी होईपर्यंत वाढ करू नका. एका पायाचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा आधीच बोट काढलेले असेल तर तुमचा नेहमीचा फरक किती, हे आधी ठरवून घ्यावे लागते.

घरात अनवाणी चालले तर काय बिघडते? फरशी तर स्वच्छ आहे.

प्रश्न स्वच्छतेचा नाही, दाबाचा आहे. आपली बरीचशी पावले घरातच पडतात, आणि तिथेच लोक पादत्राण काढून ठेवतात. खास बनवलेले पादत्राण जखम टाळते, पण ते बहुतेक सगळ्या पावलांना पायात असले तरच. ८० टक्के पावले ही किमान पातळी धरा. रात्री न्हाणीघराकडे जायची दहा पावलेही त्यात आली. घरासाठी त्याच मापाचा, तसाच इनसोल (आतला काढता येणारा मऊ तळ) असलेला वेगळा जोड करून घ्या आणि पलंगाशेजारी ठेवा. तो सोयीचा नसेल तर तुम्ही तो घालणार नाही, हे बनवणाऱ्याला मोकळेपणाने सांगा.

पादत्राण योग्य आहे, हे कसे पाहायचे?

उभे राहून आणि शक्यतो संध्याकाळी माप घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. आतली लांबी पायापेक्षा १ ते २ सेंटिमीटर जास्त हवी. रुंदी चवड्याच्या सर्वांत रुंद भागाइतकी आणि पुढची उंची एवढी की वाकडी बोटे वर घासणार नाहीत. मागे टाचेला धरणारा पट्टा किंवा घट्ट मागची बाजू हवीच. नुसती सरकवायची चप्पल धरून ठेवायला बोटे आकसतात. त्यामुळे बोटांच्या टोकांवर आणि चवड्यावर दाब वाढतो, आणि बधिर पायातून चप्पल निसटलेलीही कळत नाही. अंगठ्याच्या बेचकीत पट्टा येणारी चप्पल टाळा.

"मला सैल वाटतेय" किंवा "घट्ट बरे वाटते" या जाणिवेवर विसंबू नका. बधिर पायाला घट्ट बूटच बरा वाटतो, कारण तेवढे दाबल्याशिवाय त्याला बूट जाणवतच नाही. पायाची आकृती कागदावर काढा आणि इनसोल बाहेर काढून त्यावर ठेवून पाहा. आकृती बाहेर येत असेल तर तो बूट तुमचा नाही.

शक्य असेल तिथे पादत्राणाच्या आतला दाब यंत्राने मोजून घ्या. जुन्या जखमेच्या जागी दाब २०० किलोपास्कलच्या (दाब मोजण्याचे एकक) खाली किंवा आधीच्या पादत्राणापेक्षा किमान ३० टक्क्यांनी कमी, हे उद्दिष्ट धरतात.

इनसोल किती दिवस टिकतो?

मऊ थर दिसायला शाबूत असला तरी दबून जातो. महिन्यातून एकदा तो बाहेर काढून जुन्या जखमेच्या जागी अंगठ्याने दाबा आणि कडेच्या न वापरलेल्या भागाशी तुलना करा. तिथे परत वर येत नसेल तर तो संपला. रोजच्या वापरात सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो. वजन जास्त असेल तर आधीच. दोन जोड आलटून पालटून वापरले की थरांना फुगून यायला आणि ओल सुकायला वेळ मिळतो.

जखम कुठे होती, त्यानुसार काही वेगळे करायचे का?

हो, आणि बरेच.

चवड्यावर होती, तर पाय उचलण्याच्या क्षणी तिथे सर्वांत जास्त दाब येतो. कडक, पुढून वर वळलेला तळ असलेले पादत्राण पायाला वाकू न देता पुढे कलंडवते. पावले लहान आणि हळू टाका. लांब ढांगेत चवड्यावरचा जोर वाढतो. पोटरीची शीर (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, रक्तवाहिनी नव्हे) आखडलेली असेल आणि घोटा वर वळत नसेल तर कितीही चांगला इनसोल पुरत नाही. ताण देण्याच्या व्यायामाने फरक पडला नाही आणि जखम पुन्हा पुन्हा झाली, तर टाचेमागची शीर लांब करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो.

बोटाच्या टोकावर होती आणि बोट पंजासारखे वळलेले आहे, तर बोटांखाली सिलिकॉनचा आधार बसवतात. तो पुरला नाही तर बोट वाकवणारी शीर सोडवण्याची छोटी प्रक्रिया बऱ्याच जणांना उपयोगी पडते.

टाचेवर होती, तर टाच आपटून चालू नका. आणि झोपेत टाच गादीवर दाबली जाणार नाही असे पाहा, पोटरीखाली उशी घ्या.

बोट काढलेले असेल तर त्या रिकाम्या जागेत भरणी असलेला इनसोल लागतो. नाहीतर शेजारची बोटे तिकडे सरकतात आणि त्यांच्यावरचा भार वाढतो. अंगठा काढलेल्यांनी याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे.

जुन्या जागी पुन्हा घट्टा येतोय. घरीच कापू का?

कापू नका, घासू नका, कुरूप काढायचे आम्लयुक्त पट्टेही लावू नका. ते निरोगी कातडीही जाळतात आणि तुम्हाला कळत नाही. घट्टा येतो म्हणजे तिथे दाब जास्त आहे, आणि घट्टा स्वतः तो आणखी वाढवतो. तज्ज्ञाने तासल्यावर त्या जागचा दाब साधारण पाव हिश्शाने उतरतो. पण दर महिन्याला तितकाच जाड परत येत असेल तर इनसोल बदलायला हवा, नुसते तासून भागणार नाही.

कोरड्या कातडीला रोज क्रीम लावा, बोटांच्या बेचक्या सोडून. पाय पाण्यात भिजत ठेवू नका. पाणी ३७ अंशांपेक्षा गरम नको, आणि ते हाताच्या कोपराने किंवा थर्मामीटरने पाहा, पायाने नाही.

काठी वापरली तर सवय लागेल का?

काही महिने बसून राहिल्यावर पोटऱ्या बारीक झालेल्या असतात, घोटा आखडलेला असतो आणि बधिर तळव्यामुळे तोल जातो. पडून हाड मोडण्यापेक्षा काठी शंभरपट बरी. काठी जखमेच्या पायाच्या विरुद्ध हातात धरा आणि ती त्या पायाबरोबर पुढे टाका. वळताना एका पायावर गर्रकन फिरू नका, त्याने कातडी पिळली जाते. छोटी-छोटी पावले टाकत वळा.

बसून करायचे व्यायाम आधीपासून सुरू करता येतात: गुडघा सरळ करणे, घोटा वर-खाली करणे, खुर्चीच्या हातांना धरून उठणे. पोटरीचा ताण टॉवेलने, बसूनच घ्या. टाचा उचलून चवड्यावर उभे राहण्याचा व्यायाम चवड्यावर जखम असलेल्यांनी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नये.

सायकल किंवा पोहणे चालेल?

स्थिर सायकल चांगली; पेडल तळव्याच्या मध्यावर घ्या, जुन्या जखमेवर नाही. पोहणे कातडी पूर्ण पक्की झाल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. तलावाच्या काठावर अनवाणी फिरू नका, बाहेर आल्यावर बेचक्या कोरड्या करा.

दुसऱ्या पायाची काळजी घ्यायला हवी का?

तेवढीच. जखमेचा पाय वाचवताना सगळा भार दुसऱ्या पायावर पडतो, आणि तोही बधिरच असतो. वॉकर बुटाच्या उंचीमुळे चाल लंगडी होते, तेव्हा दुसऱ्या पादत्राणाचा तळ तितकाच उंच करून घ्या.

चालणे वाढल्यावर साखरेचे काय?

विश्रांतीच्या महिन्यांत औषधांचे डोस वाढवलेले असू शकतात. चालणे वाढले की तेच डोस जास्त होतात. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेत असाल तर निघण्यापूर्वी साखर पाहा. ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर आधी काही खा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि त्या वेळची फेरी सोडा. घाम, थरथर, भोवळ आली तर बसा. उलट, कारण नसताना साखर अचानक वाढत गेली तर पाय नीट तपासा. जंतुसंसर्गाची ती पहिली खूण असू शकते.

चालताना पोटरी भरून येते आणि थांबले की बरे वाटते. हे अशक्तपणाचे आहे का?

रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची ही खूण असू शकते. रक्तपुरवठा तपासून घ्या. मधुमेहात घोट्याजवळच्या धमन्या कडक झाल्याने तिथला रक्तदाब खोटा चांगला दाखवू शकतो, म्हणून पायाच्या अंगठ्यातला दाबही मोजतात. ही तपासणी होईपर्यंत चालणे वाढवू नका.

जखम नाही, पण पाय सुजलाय आणि गरम लागतोय.

त्या पायावर भार देणे लगेच थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. हा शार्को पाय असू शकतो: हाडे आतून मऊ होतात आणि चालत राहिले तर पायाची कमान कोसळते. बऱ्याचदा दुखणे नसतेच, आणि सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. एक्स-रे चांगला आहे म्हणून चालायला परवानगी मिळाली, तरी पाय गरमच असेल तर एमआरआयबद्दल विचारा.

कातडी पुन्हा उघडली तर?

चालणे बंद. स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी, निर्जंतुक पट्टी लावा, वॉकर जपून ठेवला असेल तर घाला आणि २४ तासांच्या आत दाखवा. पसरणारी लाली, पू, दुर्गंध, ताप, थंडी वाजणे, काळे पडणारे बोट यांपैकी काही असेल तर रात्र असली तरी थांबू नका. त्याच जागी पुन्हा जखम झाली असेल तर खालच्या हाडात जंतुसंसर्ग राहिला आहे का, हे तपासायला सांगा.

तपासणीला किती दिवसांनी जायचे, आणि काय घेऊन?

एकदा जखम झालेला पाय कायम जास्त धोक्याच्या गटात राहतो. दर एक ते तीन महिन्यांनी तज्ज्ञाला दाखवा. जाताना वापरातली सगळी पादत्राणे घेऊन जा, घरातलीसुद्धा. सोबत तापमानाची वही, पावलांचे आकडे आणि फोनमधले फोटो असू द्या. आतल्या इनसोलवर उमटलेल्या खुणांवरून तज्ज्ञाला भार कुठे पडतो ते कळते, म्हणून जाण्याआधी नवा इनसोल घालू नका.